वर्दी आणि दवंडी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आजच्या व्याख्यानाचे निमंत्रण दिले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली. अशा प्रसंगी विद्यार्थ्यांना उपदेश करण्याची चाल आहे. पण माझी उमेदीची सारी वर्षे दूरसंचाराच्या यंत्रांच्या सहवासात गेली, आणि यंत्रे उपदेश ऐकत नसल्यामुळे ती कला मला साधलेली नाही. म्हणून ज्या विषयाशी माझा थोडाफार परिचय आहे, त्याविषयीच चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

हा विषय मला सुचला तो एका लग्नात. गेल्या वैशाखात यावल तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी आपल्यापैकी बरीच मंडळी जमली होती. मुहूर्त जवळ आला, वरण-बट्टीच्या पंगतीची तयारी झाली, आणि ध्यानात आले की मुलीच्या मामांची गाडी अद्याप आलेली नाही. मामांवाचून मुलीला बोहल्यावर कोण आणणार? शे-दोनशे माणसांनी एकदम आपापले फोन काढले. पण एकाचाही फोन लागेना. माझ्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांना सारे गाव नाना म्हणते, आपला फोन माझ्यापुढे धरून विचारले, “भाऊ, तुम्ही यातले जाणकार. कांड्या तर पुऱ्या दिसतात. मग फोन का लागत नाही?”

मांडवाच्या गडबडीत मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे नानांच्या प्रश्नाचे राहून गेलेले उत्तर होय.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, फोनवरील कांड्या टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती जोराने पोहोचतो एवढेच दाखवितात. टॉवरजवळ आपल्यासाठी जागा आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत. मंदिराची घंटा दूरवर स्वच्छ ऐकू येते. त्यावरून गाभाऱ्यात उभे राहण्यास जागा असेल असे समजता येत नाही.

ही जागा दोन कामांना लागते. पंगतीत अन्न वाढणे हे मुख्य काम. पण कोणत्या ओळीला बट्टी पोहोचली नाही, वरण कोठे संपले, पुढची पंगत केव्हा बसवायची, हे सांगण्यासाठीही मांडवात सतत धावपळ चालू असते. त्या धावपळीने कोणाचे पोट भरत नाही, परंतु तिच्यावाचून पंगतही उठत नाही. मोबाईलच्या जाळ्यातही असेच आहे. आपले बोलणे, चित्रे, पत्रे हे अन्न. कोण कोठे आहे, कोणाला बोलवायचे आहे, कोणाला कोणती वाट द्यायची, हे ठरविण्यासाठी फोन आणि टॉवर यांच्यात जी देवघेव चालते ते नियंत्रण-संदेश. ४जीच्या पद्धतीत सेकंदाच्या प्रत्येक हजाराव्या भागाचे सामान्यतः चौदा तुकडे पाडतात, आणि त्यांतील एक ते तीन तुकडे टॉवरच्या हुकमांसाठी आधीच राखून ठेवावे लागतात. इतर नियंत्रण-संदेशांचा खर्च निराळाच. मांडव तेवढाच असल्यामुळे हाकाटी वाढली की अन्नाला वाट उरत नाही.

आता फोन लागण्याची पहिली पायरी पाहू. फोनला बोलावयाचे झाले की तो टॉवरला एक हाक घालतो. ४जीत एका टॉवरच्या एका क्षेत्रात या हाकेच्या खुणा एकंदर ६४ असतात. फोन त्यांतील एक आपल्या मनाने निवडतो. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच खूण निवडली, तर टॉवरला दोन माणसांचा घोळ उलगडत नाही आणि दोघांनाही थांबून पुन्हा हाक घालावी लागते. विद्यार्थ्यांनी घरी हिशेब करून पाहावा: केवळ दहा फोनांनी एकदम हाक घातली, तरी त्यांतील कोणा दोघांची खूण जुळण्याचा संभव निम्म्याहून अधिक निघतो. मग दोनशे फोनांची काय कथा! त्यातच, फोन लागला नाही की माणूस तत्काळ पुन्हा लावतो. म्हणजे गर्दीने गर्दी वाढते. नानांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे.

परंतु मोठा खर्च याहून निराळा आहे, आणि तो कोणीही फोन लावला नसतानाही चालू असतो. त्यासाठी आपल्या जुन्या गावगाड्यातील दोन शब्द मी उसने घेतो: वर्दी आणि दवंडी.

नाशिकहून कोणी नानांना फोन केला, तर नाना कोठे आहेत हे जाळ्याला कसे कळावे? एक उपाय असा की सगळीकडे दवंडी पिटावी: नाना असतील तेथून त्यांनी ओ द्यावी. दुसरा उपाय असा की नानांनी प्रत्येक वेळी वेस ओलांडताना वर्दी द्यावी: मी या गावाहून त्या गावी आलो. पहिल्या उपायात प्रत्येक फोनासाठी शेकडो टॉवरांवर व्यर्थ दवंडी पिटली जाते. दुसऱ्यात माणूस नुसता फिरला तरी वर्द्यांचा पाऊस पडतो. म्हणून मोबाईलच्या आरंभीच्या पद्धतीपासून मधला मार्ग स्वीकारण्यात आला. अनेक टॉवर मिळून एक इलाखा करावयाचा. इलाखा बदलला तरच फोनने वर्दी द्यायची, आणि हाक आली की तेवढ्याच इलाख्यात दवंडी पिटायची. आपला फोन खिशात स्वस्थ आहे असे आपणास वाटते. प्रत्यक्षात तो दर एक-दोन सेकंदांनी क्षणभर जागा होऊन आपल्या नावाची दवंडी आहे काय हे ऐकत असतो.

इलाखा किती मोठा असावा? येथे खानदेशाचीच दोन उदाहरणे घेऊ. हिशेबासाठी आकडे मी धरून चालतो. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात. तेथून जाणारा एक ट्रकचालक दिवसाला शंभर टॉवरांच्या छायेतून जातो आणि त्याला वीस फोन येतात. दुसरा रावेरकडील केळीचा बागाईतदार. तो गाव सोडीत नाही, आणि त्यालाही वीसच फोन येतात. एकेका टॉवरचा इलाखा केला, तर ट्रकचालकाला शंभर वर्द्या द्याव्या लागतील. बागाईतदाराला एकही नाही, आणि त्याच्यासाठी दवंड्याही अवघ्या वीस. शंभर टॉवरांचा इलाखा केला, तर ट्रकचालकाच्या वर्द्या जवळजवळ संपतील. पण गाव न सोडणाऱ्या बागाईतदारासाठी वीस फोनांपायी दोन हजार दवंड्या पिटाव्या लागतील. म्हणजे फिरत्या माणसाच्या सोयीचा खर्च बसत्या माणसाच्या नावावर पडतो. मित्रहो, मला आज जे सांगावयाचे आहे त्याचा गाभा एवढाच आहे. सर्वांना एक माप लावले की भार वाढतो. कोण फिरतो आणि कोण बसतो हे ओळखले की भार उतरतो.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात फार पूर्वी आली. बार-नॉय, केसलर व सिडी यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न केला होता की फिरत्या ग्राहकाने वर्दी द्यावी की न द्यावी. आणि वर्दी अंतर मोजून द्यावी, वेळ मोजून द्यावी की पावले मोजून द्यावी, याचा गणिताने तोल काढून दाखविला होता. १९९९ साली अमिय भट्टाचार्य आणि सजल दास या भारतीय संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले. मनुष्य रोज त्याच वाटांनी जातो, तर त्याच्या वाटेचाच संक्षेप करून ठेवावा आणि वर्दी केवळ नव्या वाटेची घ्यावी, असा त्यांचा विचार होता.

४जीच्या नियमांत या विचाराला मूर्त रूप मिळाले. तेथे जाळे प्रत्येक फोनला सोळापर्यंत इलाख्यांची एक यादी देऊ शकते, आणि यादीतील कोणत्याही इलाख्यात फिरताना वर्दी माफ असते. विशेष हे की प्रत्येकाची यादी निराळी असू शकते. पूर्वी दोन इलाख्यांच्या शिवेवर ज्याचे घर असे, त्याचा फोन ओसरीत एका इलाख्यात आणि माजघरात दुसऱ्या इलाख्यात जाई व दिवसभर उगाच वर्द्या देत बसे. यादीमुळे तो त्रास टळतो. तसेच दवंडीही एकदम सर्वत्र न पिटता, ग्राहक शेवटी जेथे दिसला त्या टॉवरवर प्रथम पिटावी आणि ओ आली नाही तरच वर्तुळ वाढवावे, असाही परिपाठ आहे. गाव न सोडणाऱ्या बागाईतदाराला पहिल्याच दवंडीत गाठता येते.

आपल्या भुसावळचे उदाहरण पाहा. तेथे नागपूरची आणि इटारसीची वाट फुटते. हजाराहून अधिक प्रवाशांची गाडी जेव्हा इलाख्याची शीव ओलांडते, तेव्हा निजलेल्या उतारूंचेही फोन काही क्षणांत एकदम वर्दी देऊ लागतात. ती शीव नेमकी दाट वस्तीच्या टॉवरवर पडली, तर गावकऱ्यांच्या हाका त्या गर्दीत सापडतात. शीव कोठे आखावी आणि आगगाडीतील फोनांना कोणती यादी द्यावी, हा नकाशावर बसून करावयाचा विचार आहे. त्यास नवा टॉवर लागत नाही, विवेक लागतो.

इतका वेळ आपण माणसाच्या फिरण्याचा विचार केला. आता त्याच्या फोनच्या चुळबुळीचा करू. पूर्वी फोन दिवसातून दहा-वीस वेळा बोलत असे. आजचा फोन मालक झोपलेला असतानाही हवामान विचारतो, पत्रे आली काय पाहतो, आपण जिवंत असल्याचे दूरच्या यंत्राला कळवितो. मजकूर चिमूटभर, पण दर वेळी वाट उघडणे, ओळख पटविणे, कुलूप-किल्ली ठरविणे आणि वाट पुन्हा मिटणे हा सारा विधी पुरा करावा लागतो. २५ जानेवारी २०१२ रोजी टोकियोत एन.टी.टी. डोकोमो या कंपनीची सेवा अशाच भाराखाली कोलमडली आणि सुमारे २५ लाख ग्राहकांना झळ लागली. नव्याने बसविलेल्या यंत्रांना, फोनांतील निरनिराळ्या कार्यक्रमांनी आपण होऊन पाठविलेल्या नियंत्रण-संदेशांची वाढलेली संख्या झेपली नाही. अन्न पुष्कळ होते, मांडव हाकाटीने बसला.

यावर योजलेला उपाय सांगण्यापूर्वी ज्येष्ठ मंडळींना एक जुनी आठवण करून देतो. २०१३ च्या जुलैत आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. त्या तारसेवेत शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. दिवाळीचे वाक्य एक, विवाहाचे दुसरे. पाठविणाऱ्याने क्रमांक सांगायचा, तारेवरून क्रमांकच जायचा, आणि पलीकडील तारमास्तर आपल्या जवळच्या यादीवरून पुरे वाक्य लिहून देत. व्यापारी पेढ्याही तारघरात आपला आखूड पत्ता नोंदवून ठेवीत. दोन्ही टोकांना जे आधीच ठाऊक आहे ते पुन्हा पाठवावयाचे नाही, ही त्यातील युक्ती.

५जीच्या २०१८ सालच्या नियमांत हीच युक्ती नव्या रूपाने आली आहे. फोन थोडा वेळ गप्प झाला तर पूर्वी त्याची सारी ओळख पुसून टाकीत. आता जागा आणि निजलेला यांच्यामध्ये पेंगुळल्याची एक तिसरी अवस्था ठेवली आहे. तीत टॉवर त्या फोनची ओळख, किल्ली व वाट आपल्याजवळ जपून ठेवतो आणि त्याला एक छोटा क्रमांक देतो. फोन पुन्हा जागा झाला की तेवढा क्रमांक सांगतो, आणि पुरा विधी न करता बोलणे पुढे सुरू होते. पुढे २०२२ सालच्या नियमांत, चिमूटभर मजकूर असेल तर तो याच अवस्थेत, न उठता देण्याचीही सोय झाली. आपल्या देशात ५जीचा आरंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. ही सोय कितपत वापरावयाची हे त्या त्या जाळ्याच्या चालकांवर अवलंबून असते.

वर्दीचा पूर आला म्हणजे काय होते, याचे उदाहरणही जपाननेच दिले आहे. २ जुलै २०२२ च्या पहाटे केडीडीआय या कंपनीत नित्याच्या देखभालीसाठी एक राऊटर बदलण्यात आला आणि थोडा वेळ वाट अडली. तेवढ्यात असंख्य फोनांनी आपली नोंदणी पुन्हा पुन्हा करण्यास आरंभ केला. वाट मोकळी झाली तरी तो पूर ओसरेना. नोंदवह्यांचा मेळ बिघडला, आणि सेवा पूर्ववत होण्यास ६१ तासांहून अधिक काळ गेला. तीन कोटींहून अधिक ग्राहकांना उपद्रव झाला. मूळ चूक काही मिनिटांची, शिक्षा अडीच दिवसांची! म्हणून फोनांना थांबावयास शिकविणे हाही भार कमी करण्याचाच मार्ग आहे; आणि सर्वांनी सारखेच थांबले तर पुन्हा एकदमच येतील, म्हणून प्रत्येकाने निराळा वेळ थांबावयाचे असते. आपल्या प्रत्येकाच्या सिमकार्डावर शून्य ते नऊ यांतील एक वर्ग लिहिलेला असतो. गर्दीच्या वेळी टॉवर काही वर्गांना थोडा काळ थोपवू शकतो. आणि ११ ते १५ हे विशेष वर्ग सुरक्षा व आपत्कालीन सेवांसारख्या कामांसाठी राखलेले असतात.

आता आपल्या शेताकडे वळू. शेतीपंपाची वीज रात्री येणे खानदेशाला नवीन नाही. अंधारात केळीच्या बागेतून विहिरीपर्यंत जाणे म्हणजे साप-विंचवाशी, आणि सातपुड्याच्या कडेला बिबट्याशीही गाठ. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या वृद्ध आजोबांचे असेच हाल पाहिले होते. त्यांनी तयार केलेल्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणाने शेतकरी घरून फोन करून पंप चालू-बंद करू शकतो आणि वीज आहे की नाही हेही जाणू शकतो. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत या उपकरणाला पारितोषिक मिळाले. विहिरीवरचा असा फोन कधीही जागा सोडीत नाही. पण फिरत्या माणसासाठी केलेला नियम त्यालाही लागतो. ४जीत जाळ्याने निराळे सांगितले नाही, तर दर ५४ मिनिटांनी ‘मी आहे’ अशी वर्दी द्यावयाची असते. म्हणजे विहीर जागची हलली नाही हे दिवसातून सव्वीस वेळा सांगावयाचे!

अशा यंत्रांसाठी पुढील नियमांत सवलती आल्या. वर्दीची मुदत कित्येक दिवसांपर्यंत वाढविता येते. आणि २०१६ साली ठरलेल्या, केवळ यंत्रांसाठीच्या पद्धतीत दवंडी ऐकण्याचे अंतर जवळजवळ तीन तासांपर्यंत नेता येते. पण येथे तारतम्य पाहिजे. पाण्याच्या मीटरने तीन तास झोप घेतली तर कोणाचे काही जात नाही. पंपाने घेतली, तर शेतकऱ्याचा हुकूम पोहोचेपर्यंत वीज निघून जाईल. पंप न फिरणारा आहे, पण तो झोपाळू असून चालणार नाही. त्याला वर्दी माफ करावी. कान मात्र उघडा ठेवावा. प्रत्येक बचतीची कोठे ना कोठे किंमत असते, आणि ती कोणाला द्यावी लागते हे पाहिल्यावाचून बचत करू नये.

हा बसत्या माणसाचा विचार आपल्या महाराष्ट्रातच मोठ्या प्रमाणावर झाला, हे सांगण्यास मला अभिमान वाटतो. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. अभय करंदीकर व त्यांचे सहकारी यांनी पालघर जिल्ह्यातील खेड्यांत प्रयोग केले आणि ग्रामीण भागासाठी काटकसरी ५जीची कल्पना मांडली. खेड्यातील ग्राहक बहुधा एका जागी असतो, तर सुसाट धावणाऱ्या ग्राहकासाठी रचलेला सारा सरंजाम त्याच्या माथी का मारावा, हा त्यांचा प्रश्न होता. त्या दिशेने झालेल्या कार्यातून आय.ई.ई.ई. या जागतिक संस्थेने २०२४ साली २०६१ क्रमांकाचे मानक संमत केले. त्यात विस्तृत टापूसाठी एक मोठा टॉवर, त्याच्या जोडीला गावोगावी लहान वायफाय, दोहोंचे नियंत्रण एकत्र, आणि शक्य तेथे दूरच्या मध्यवर्ती केंद्राला वळसा न घालता थेट इंटरनेटची वाट, अशी योजना आहे. गावचा निकाल गावातच लागावा, तालुक्याला हेलपाटा पडू नये, हे तत्त्व आपणास नवीन नाही.

विद्यार्थी मित्रहो, या सर्व विवेचनात मी गणिताचे नाव वारंवार घेतले नाही, पण ते सर्वत्र होते. किती हाका येतील, कितींना थांबावे लागेल, याचे शास्त्र कोपनहेगनच्या एर्लांग याने १९०९ साली दूरध्वनीसाठी मांडण्यास आरंभ केला. जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही महाविद्यालयात संभाव्यतेचे गणित शिकता येते. आणि ज्याने ते मन लावून शिकले, त्याला चोपडा-शिरपूरच्या पाड्यांपासून टोकियोपर्यंत कोठेही काम आहे. शहरासाठी घडविलेले यंत्र आपल्या गावाला जसेच्या तसे का बसत नाही, हा प्रश्न ज्याने तेथे राहून अनुभवला आहे, त्यालाच तो नीट विचारता येतो. तो तुम्ही विचारावा एवढीच माझी अपेक्षा आहे.

वडीलधाऱ्यांना एक विनंती. गर्दीत फोन लागला नाही तर लगेच पुन्हा पुन्हा लावू नये. दोन मिनिटे थांबावे, किंवा साधा लेखी संदेश पाठवावा. मराठीत त्यात सामान्यतः सत्तरच अक्षरखुणा मावतात, पण निकडीच्या कामाला त्या पुरतात. पलीकडचा फोन तत्क्षणी मिळाला नाही तरी तो संदेश केंद्रात थांबून राहतो आणि वाट मिळताच पोहोचतो.

त्या लग्नातही तसेच झाले. मंडळी फोन खिशात ठेवून मामांच्या काळजीत बसली, हाकाटी आपोआप ओसरली, आणि नानांच्याच फोनवर संदेश उमटला: चाक पंक्चर झाले होते, वेशीपाशी पोहोचलो. पाच मिनिटांत मामा मांडवात हजर झाले आणि मुहूर्त साधला. नाना आज येथे समोरच बसले आहेत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला इतका वेळ लागला, याबद्दल त्यांची आणि आपणा सर्वांची क्षमा मागतो, गुणवंत विद्यार्थ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो आणि आपली रजा घेतो.